वाचकांचे प्रश्न : ‘तू एएनएमच ना?’

प्रश्न : मी मूळची खानापूर तालुक्यातील असून बेळगाव शहरातील एका खासगी प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून नोकरी करते. बारावीनंतर मी दोन वर्षांचा एएनएमचा (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे साहाय्यक परिचारिका व प्रसविका) अभ्यासक्रम केला आणि माझी रीतसर नोंदणीही झालेली आहे. आमच्याकडे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) आणि नर्सिंगमध्ये बीएस्सी झालेल्या सिस्टर्स आहेत. त्यांच्यापैकी काही जणी रुग्णांच्या नातेवाइकांसमोर ‘ही एएनएम आहे, तिला विचारू नका’ असे म्हणतात. रात्रपाळीला माणसे कमी असली की सारा वॉर्ड माझ्यावर सोपवला जातो आणि सकाळी डॉक्टरांचा राउंड सुरू झाला की मला चादरी बदलायला मागे पाठवले जाते. गेल्या महिन्यात एका बाळंतिणीला प्रसूतीनंतर तासाभराने फार रक्तस्राव होत असल्याचे माझ्या लक्षात आले. मी वरिष्ठ सिस्टरना सांगितले, तेव्हा ‘तू एएनएमच ना? बाळंतिणीला एवढं जातंच,’ असे म्हणून त्यांनी मला गप्प बसवले. थोड्या वेळाने डॉक्टर दुसऱ्या रुग्णासाठी आले असता त्यांचे तिच्याकडे लक्ष गेले आणि त्यांनी धावपळ करून उपचार केले. बाई वाचली, पण मी आधीच सांगितले होते हे कोणी बोलले नाही. माझे कन्नड तोडकेमोडके असल्यामुळेही मला कमी लेखले जाते. घरी जाऊबाई ‘सुया टोचणारी’ म्हणून हिणवतात. नोकरी सोडून द्यावी असे वाटू लागले आहे. मी काय करावे?
— एक परिचारिका, बेळगाव

उत्तर : प्रथम त्या रात्रीविषयी बोलू, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी बाळंतिणीची नाडी, रक्तदाब, अंगावरून जाणारे रक्त आणि गर्भाशय हाताला घट्ट लागते की नाही हे पाहायचे असते, आणि हे एएनएम, जीएनएम व बीएस्सी या तिन्ही अभ्यासक्रमांत शिकवले जाते. गर्भाशय आकुंचन पावून घट्ट झाले नाही, तर थोड्याच वेळात बाईचे अर्धा लिटरहून अधिक रक्त जाऊ शकते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आजही आहे. तुम्ही जे पाहिले ते बरोबर पाहिले आणि ते लगेच सांगणे हे तुमचे कर्तव्यच होते. मिळालेल्या उत्तराने तुमचा पाणउतारा झाला हे खरे आहे, परंतु त्या उत्तरामुळे पलंगावरच्या बाईचा जीव धोक्यात आला, ही बाब त्याहून मोठी आहे. व्यवस्थापनापुढे हा विषय मांडाल तेव्हा रुग्णाच्या सुरक्षिततेच्या बाजूने मांडा. तिथे तुमचे म्हणणे कोणालाही सहजासहजी झटकता येणार नाही.

एएनएमला अर्धी नर्स समजणाऱ्यांचा हिशेब वर्षांवर चालतो : एएनएमची दोन, जीएनएमची तीन, बीएस्सीची चार. या हिशेबात तो अभ्यासक्रम कशासाठी निघाला, याचा विचारच होत नाही. १९५०च्या दशकात तो सुरू झाला तो खेड्यापाड्यांतील आया आणि लेकरे यांच्यापर्यंत प्रशिक्षित बाई पोहोचावी म्हणून; पुढे १९७३च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशीनंतर तीच परिचारिका बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली आणि लसीकरणापासून साथरोगांपर्यंतची कामे तिच्याकडे आली. तिच्या दोन वर्षांत सामुदायिक आरोग्य परिचर्या, आरोग्यसंवर्धन, प्राथमिक आरोग्यसेवा, बालआरोग्य, प्रसूतिशास्त्र आणि आरोग्यकेंद्राचे व्यवस्थापन हे विषय असतात. म्हणजे ज्या प्रसूतिशास्त्रावरून तुम्हाला त्या रात्री गप्प बसवले गेले, ते तुमच्या शिक्षणाचा गाभाच आहे.

सपाटीवर साधारण ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा सरकारी निकष आहे, आणि त्या उपकेंद्राचा भार एएनएमवर असतो. तुमच्याच तालुक्याच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीपासून भीमगडच्या रानापर्यंत, पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले की वाटा बंद होतात. अशा ठिकाणी डॉक्टर येईपर्यंतचा निर्णय तिचा असतो. लसीची बाटली हातात घेतल्यावर ती आधी बाटलीवरच्या खुणेकडे पाहते. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल, तर ती लस उष्णतेने बाद झालेली असते आणि ती बाजूला काढावी लागते. गोवर-रुबेलाची लस एकदा कालवली की चार तासांच्या आत संपवायची, उरली तर टाकून द्यायची, मग रांगेत कोणीही उभे असो. गर्भवतीला झटके आले, तर मोठ्या दवाखान्यात पाठवण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅम, देण्याचे प्रशिक्षण आणि मुभा सरकारने एएनएमला दिलेली आहे. एवढी जबाबदारी जिच्यावर विश्वासाने टाकली जाते, तिला वॉर्डात ‘हिला विचारू नका’ असे म्हणणे अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

मात्र याच न्यायाने दुसरी बाजूही तुमच्यासमोर ठेवली पाहिजे. एएनएमचा अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत, पंपावर थेंबाथेंबाने द्यायची औषधे यांचे शिक्षण जीएनएम आणि बीएस्सीच्या सिस्टर्सना तुमच्यापेक्षा अधिक मिळालेले असते, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. तुमच्या प्रसूतिगृहात जे चालले आहे ते या दोन्ही टोकांना चुकीचे आहे : रात्री तुमच्या पात्रतेपलीकडचा भार तुमच्यावर टाकला जातो आणि दिवसा तुमच्या पात्रतेतले कामही काढून घेतले जाते. माझा तुम्हाला मुख्य सल्ला असा आहे की, ‘हे माझे काम आहे’ आणि ‘हे माझ्या कामात बसत नाही’ ही दोन्ही वाक्ये तुम्हाला सारख्याच शांतपणे म्हणता आली पाहिजेत. जी परिचारिका आपली सीमा अचूक ओळखते आणि बोलून दाखवते, तिच्या सीमेच्या आतल्या शब्दाला हळूहळू वजन येते. अपमान टाळण्यासाठी न शिकवलेले कामही निमूटपणे अंगावर घेणारी परिचारिका मात्र एका चुकीने सारे गमावते.

यासाठी पहिली पायरी म्हणून मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे, तुमच्या पदाच्या कामांची लेखी यादी मागा. तोंडी नको. रात्रपाळीला तुम्ही एकट्या असाल, तर कोणत्या स्थितीत कोणाला फोन करायचा आणि फोन उचलला गेला नाही तर पुढे कोणाला, हेही त्यात लिहून घ्या. तुमच्या नोंदणीचे प्रमाणपत्र चालू मुदतीचे असू द्या. निपाणी-चिकोडीकडच्या ज्या मुली कोल्हापूर किंवा गडहिंग्लजला शिकून महाराष्ट्राच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी करतात आणि नोकरी कर्नाटकात धरतात, त्यांनी कर्नाटकाच्या परिचर्या परिषदेकडेही नोंदणी करून घ्यावी. ही नोंदणी नसली, तर ‘ही खरी नर्स आहे का’ या प्रश्नाला विनाकारण जागा मिळते.

आता बोलण्याच्या पद्धतीविषयी. ‘सिस्टर, तिला खूप ब्लीडिंग होतंय असं वाटतंय’ या वाक्याला ‘एवढं जातंच’ हे उत्तर देणे सोपे आहे, कारण त्यात मोजलेले काहीच नाही. परिचर्येत निरोप देण्याची एक ठरावीक रीत जगभर शिकवली जाते, तिला एसबीएआर म्हणतात : आत्ता काय घडते आहे, आधीची पार्श्वभूमी काय, मी काय तपासले, आणि माझ्या मते काय व्हायला हवे. ती वापरून तुम्ही असे सांगावे : ‘पलंग क्रमांक चार. प्रसूती होऊन एक तास झाला, दुसरी खेप, वार पूर्ण पडली आहे. गेल्या वीस मिनिटांत दोन पॅड पूर्ण भिजले. गर्भाशय मऊ लागते, नाडी ११८, रक्तदाब ९० बाय ६०. मी गर्भाशयाचा मसाज सुरू केला आहे. डॉक्टरांनी आत्ता येऊन पाहणे आवश्यक आहे.’ हे बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही. एवढे ऐकून घेतल्यावर ‘तू एएनएमच ना’ असे म्हणणाऱ्या व्यक्तीला ११८ या आकड्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घ्यावी लागते, आणि ती घ्यायला सहसा कोणी धजावत नाही. तरीही कोणी हलले नाही, तर थेट डॉक्टरांना फोन करा. तशा प्रसंगी वरिष्ठांना ओलांडून जाणे हा उद्धटपणा ठरत नाही.

तेच सारे केसपेपरवर, परिचारिकेच्या नोंदींच्या रकान्यात, वेळेसह लिहा : किती वाजता काय आढळले, कोणाला कळवले, त्यांनी काय सांगितले. दोषारोपाचे शब्द नकोत, ‘ऐकले नाही’ असेही नको, ‘२.१० वाजता वरिष्ठ परिचारिकांना कळवले, निरीक्षणाखाली ठेवण्यास सांगितले’ एवढे पुरे. गेल्या महिन्यात ही नोंद झाली असती, तर आधी कोणाच्या लक्षात आले हे कोणी बोलले नसते तरी कागदावर राहिले असते. वही नीट ठेवणाऱ्या सिस्टरचा शब्द डॉक्टर राउंडला हळूहळू विचारू लागतात, हे अनेक वॉर्डांत पाहायला मिळते.

त्या वरिष्ठ सिस्टरांशीही एकदा बोला, पण रुग्णांसमोर नको आणि रागाच्या भरात नको. ड्युटी संपल्यावर, चार्ज देऊन झाल्यावर त्यांना सांगा की, ‘नातेवाइकांसमोर तुम्ही मला असे म्हणता तेव्हा ते पुढे मला काहीच सांगत नाहीत, आणि रात्री एकटी असताना त्याचा त्रास रुग्णाला होतो. माझे चुकले तर मला बाजूला घेऊन सांगा, मी ऐकेन.’ बहुतेक माणसांना आपल्या बोलण्याचा असा परिणाम होतो हे कोणी दाखवून दिलेले नसते. यानंतरही तेच चालू राहिले, तर मेट्रनकडे लेखी तक्रार करा आणि त्या रात्रीचा प्रसंग त्यात तारीख-वेळेसह लिहा. नातेवाइकांनी अंगावर धावून जाणे, हात उगारणे असे काही घडले, तर ती गोष्ट निराळी : वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध कर्नाटकात २००९ पासून कायदा आहे, त्यात परिचारिकाही येतात आणि कैदेची तरतूद आहे. सहकाऱ्यांच्या टोमण्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिथे संस्थेचीच जबाबदारी आहे.

कन्नडविषयी तुम्ही लिहिले आहे, त्याचे दोन भाग करावे लागतील. तुमची मातृभाषा मराठी आहे म्हणून कोणी तुम्हाला हिणवत असेल, तर ते सर्वस्वी गैर आहे. बेळगावच्या वॉर्डात एका पलंगावर कडोलीची मराठी आजी असते आणि शेजारच्या पलंगावर बैलहोंगलची कन्नड सूनबाई असते, तिथे दोन्ही भाषांच्या सिस्टर्सची गरज आहे. मात्र त्या सूनबाईला काय होते आहे हे तिच्या तोंडून समजून घेणे हा तुमच्या कामाचाच भाग आहे. ‘एल्लि नोवैति?’ म्हणजे कुठे दुखते, ‘तली तिरगतैतेनु?’ म्हणजे चक्कर येते का, अशी वॉर्डात लागणारी वाक्ये मावशींकडून आणि रुग्णांकडूनच पाठ करून घ्या. चुकत बोललात तरी बाळंतीण हसून दुरुस्त करते आणि तिचा संकोचही जातो.

घरच्या बोलण्याविषयी थोडक्यात सांगते. जाऊबाईंशी पदव्यांचा वाद घालून काही निष्पन्न होणार नाही. राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार केंद्र सरकार १९७३ पासून देते आणि तो एएनएमनाही दिला जातो, हे त्यांना ठाऊक नसेल. कधी निवांत असताना सांगा. तुमच्या पतींनी चारचौघांत तुमच्या कामाविषयी आदराने बोलणे याचा घरात अधिक उपयोग होईल, आणि ती अपेक्षा त्यांच्याकडे मोकळेपणाने व्यक्त करा.

नोकरी सोडण्याचा निर्णय आत्ता, दुखावलेल्या मनाने, घेऊ नका. वर सांगितलेले सारे करून पाहा. काही महिन्यांत व्यवस्थापन लेखी कामवाटप द्यायलाही तयार होत नाही असे दिसले, तर दुसरी जागा शोधणे योग्यच ठरेल, कारण अशा ठिकाणी एखादी दुर्घटना घडल्यास तिचा दोष सर्वांत आधी एएनएमवर येतो. पुढे शिकावे असे मनात असेल, तर नोंदणीकृत एएनएमला जीएनएमच्या प्रवेशासाठी वयाची कमाल अट आड येत नाही, आणि जीएनएमनंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बीएस्सीचा मार्ग खुला आहे. मात्र शिकायचे ते अधिक जाणण्याची ओढ असेल तरच शिका. लोकांची तोंडे बंद करण्यासाठी तीन वर्षे आणि एवढा पैसा खर्च करू नये, असे मला वाटते.

प्रश्न : मी जीएनएम असून चिकोडीजवळच्या एका रुग्णालयात काम करते. एएनएम सिस्टर्सना आमच्याइतकाच मान द्यायचा, तर आम्ही तीन वर्षे कष्टाने घेतलेल्या शिक्षणाला अर्थ काय राहिला?
— जी. एन., चिकोडी तालुका

उत्तर : तुमच्या शिक्षणाचा अर्थ अधिक जबाबदारीत आहे आणि तो कोणी काढून घेत नाही. वॉर्डाचे नियोजन, गुंतागुंतीच्या रुग्णाची देखभाल, एएनएम आणि विद्यार्थिनी यांच्या कामावर देखरेख ही तुमची कामे आहेत. त्यांचा अधिकार आणि त्यांचा पगार तुम्हाला मिळालाच पाहिजे. मान ही गोष्ट त्या वाटपात मोजली जात नाही. तुमच्या हाताखालची सिस्टर काही सांगायला आली आणि तुम्ही तिला झिडकारलेत, तर पुढच्या वेळी ती येणार नाही, आणि तेव्हा जे कळायचे राहील त्याचे उत्तर वॉर्डाची प्रमुख म्हणून तुम्हालाच द्यावे लागेल. एएनएमला एखादी गोष्ट येत नसेल, तर ती शिकवणे हेही तुमच्या तीन वर्षांच्या शिक्षणाचेच काम आहे. आणखी एक विनंती करते. बीएस्सी झालेल्या सिस्टर्स जीएनएमविषयी काय बोलतात हे तुम्ही ऐकले असेल, आणि ते ऐकून तुम्हाला वाईट वाटले असेल. तेच वाईट वाटणे तुमच्याकडून तिच्यापर्यंत पोहोचू देऊ नका.

प्रश्न : माझी भाची लग्नानंतर अमेरिकेत टेक्सास राज्यात स्थायिक झाली असून तिथे परवाना घेऊन ‘एलव्हीएन’ म्हणून वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करते. गेल्या वेळी निपाणीला लग्नकार्यासाठी आली असता काही नातेवाइकांनी ‘म्हणजे तू पूर्ण नर्स नाहीसच ना?’ असे तिला पंगतीत विचारले आणि ती रडवेली झाली. अशा लोकांना काय सांगावे?
— एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : तुमच्या भाचीचे पद अमेरिकेतील बहुतेक राज्यांत लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे एलपीएन, या नावाने ओळखले जाते, टेक्सास आणि कॅलिफोर्निया या राज्यांत त्यालाच लायसन्स्ड व्होकेशनल नर्स म्हणतात. त्यासाठी साधारण एक वर्षाचे शिक्षण घ्यावे लागते आणि त्यानंतर एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच राज्याचे परिचर्या मंडळ परवाना देते. रजिस्टर्ड नर्सचे शिक्षण याहून मोठे आणि तिची परीक्षा वेगळी असते, आणि एलव्हीएन तिच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करते, हे खरे आहे. पण परवानाधारक परिचारिका ती आहेच. वृद्धांच्या शुश्रूषागृहांत औषधे वेळेवर देणे, इन्सुलिन देणे, जखमांची मलमपट्टी, नळीवाटे अन्न देणे, साहाय्यकांच्या कामावर लक्ष ठेवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर एलपीएन-एलव्हीएनच करतात. काही जण तिची तुलना आपल्याकडच्या एएनएमशी करतील, तीही नेमकी बसत नाही. आपली एएनएम गाव, माता आणि बालक यांच्यासाठी घडवलेली असते, तर एलव्हीएन रुग्णाच्या पलंगाजवळच्या सर्वसाधारण शुश्रूषेसाठी.

तुमची भाची पाहुणी म्हणून आलेली असताना तिने स्वतः पंगतीत हे सारे समजावत बसावे, अशी अपेक्षा तिच्याकडून करू नये. ते काम मामा म्हणून तुमचे आहे. पुन्हा असा प्रश्न आला, तर तिच्या आधी तुम्ही बोला : ‘ती सरकारी परवाना असलेली परिचारिका आहे, परीक्षा देऊन झालेली आहे, आणि म्हाताऱ्या माणसांची औषधे आणि जखमा तिच्या भरवशावर असतात.’ एवढे वडीलधाऱ्या माणसाने ठामपणे सांगितले की पंगतीत त्यावर पुढचा प्रश्न सहसा येत नाही. तिला पुढे रजिस्टर्ड नर्स व्हायचे असेल, तर एलपीएन-एलव्हीएनसाठी तिथे त्याचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. मात्र तो विषय तिने काढला तरच काढा.